कृपा (ख्रिस्ती धर्म)

कृपा ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत संकल्पना आहे. मनुष्याची पात्रता, कर्म किंवा पुण्यसंचय न पाहता देव स्वेच्छेने त्याच्यावर जे प्रेम करतो, त्याला क्षमा करतो आणि चांगले जगण्याचे बळ देतो, त्या सर्वांना मिळून ‘कृपा’ असे म्हणतात. ख्रिस्ती श्रद्धेनुसार ही कृपा येशू ख्रिस्ताच्या जीवनात, वधस्तंभावरील मरणात आणि पुनरुत्थानात पूर्णपणे प्रकट झाली. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स व प्रोटेस्टंट या तिन्ही प्रमुख शाखांना ही संकल्पना मान्य आहे. मात्र कृपा मनुष्यात कशी कार्य करते, याविषयी त्यांच्यात मतभेद आहेत. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचा अर्थ, तिचा इतिहास आणि विशेषतः मराठी ख्रिस्ती समाजाच्या दैनंदिन जीवनातील तिचे स्थान यांचा विचार केला आहे.

शब्द आणि अर्थ

नव्या करारात कृपेसाठी ‘खारिस’ हा ग्रीक शब्द येतो. सौंदर्य, प्रसन्नता, देणगी आणि कृतज्ञता अशा अनेक छटा या एकाच शब्दात आहेत. प्रभुभोजनाच्या विधीला असलेले ‘युखारिस्त’ हे नाव याच धातूपासून आले असून त्याचा मूळ अर्थ ‘आभारप्रदर्शन’ असा आहे. जुन्या करारात ‘हेन’ (प्रसन्नता, मर्जी) आणि ‘हेसेद’ (कराराशी एकनिष्ठ राहणारे प्रेम) हे दोन हिब्रू शब्द या संकल्पनेच्या जवळ जातात. लॅटिन भाषेत ‘ग्राटिया’ हा शब्द रूढ झाला.

मराठी भाषांतरकारांनी ‘कृपा’ हा संस्कृत शब्द स्वीकारला. संतसाहित्यामुळे तो मराठी माणसाच्या ओठांवर आधीपासून होता. ‘अनुग्रह’ आणि ‘प्रसाद’ हे शब्दही जवळचे आहेत. पवित्र आत्म्याकडून मिळणाऱ्या निरनिराळ्या देणग्यांना मराठी बायबलमध्ये ‘कृपादाने’ म्हटले आहे.

‘दया’ आणि ‘कृपा’ या शब्दांत ख्रिस्ती लेखक सामान्यतः भेद करतात. जी शिक्षा योग्य होती ती न देणे म्हणजे दया, आणि ज्या देणगीवर हक्क नव्हता ती देणे म्हणजे कृपा. ‘उपकार’ या शब्दाशीही कृपेची तुलना उद्बोधक ठरते. मराठीत उपकाराचे ओझे होते, उपकार फेडावे लागतात, उपकारकर्त्यापुढे मान खाली जाते. म्हणजेच उपकारात एक अलिखित ऋण गृहीत धरलेले असते. कृपेच्या ख्रिस्ती कल्पनेत असे ऋण नाही. ती फेडता येत नाही आणि फेडावी अशी अपेक्षाही नसते. ती केवळ स्वीकारायची आणि पुढे दुसऱ्यापर्यंत पोहोचवायची असते.

बायबलमधील आधार

कृपेचे सर्वांत सविस्तर विवेचन प्रेषित पौलाच्या पत्रांत आढळते. रोमकरांस, गलतीकरांस आणि इफिसकरांस लिहिलेल्या पत्रांत तारण हे नियमशास्त्राच्या पालनाने मिळवलेले वेतन नसून विश्वासाने स्वीकारलेले दान आहे, असे प्रतिपादन आहे. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हे दान असल्यामुळे कोणालाही त्याचा अभिमान मिरवता येत नाही, असे म्हटले आहे. त्याच ठिकाणी लगेच पुढे, मनुष्य सत्कृत्ये करण्यासाठी निर्माण झाला आहे, हेही सांगितले आहे. सत्कृत्य हे कृपेचे मूल्य नसून तिचे फळ आहे, असा या दोन विधानांचा मेळ घातला जातो.

येशूने ‘कृपा’ या विषयावर व्याख्यान दिले नाही, त्याने दाखले सांगितले. त्यांपैकी तीन येथे महत्त्वाचे आहेत.

द्राक्षमळ्यातील मजूर (मत्तय, अध्याय २०): मळ्याचा धनी पहाटेपासून राबलेल्या मजुरांना ठरलेला एक दिनार देतो आणि दिवस मावळता मावळता आलेल्यांनाही तेवढाच देतो. पूर्व विदर्भातील धानाच्या रोवणीच्या दिवसांत हा दाखला ऐकणाऱ्याला पहाटेच्या मजुरांची तक्रार सहज पटते. दिवसभर चिखलात वाकून राबलेल्या बाईला आणि शेवटच्या बांधीत उतरलेल्या बाईला सारखीच मजुरी मिळाली, तर कुरकुर होणारच. परंतु दाखल्यातील धनी कोणाचेही ठरलेले वेतन कापत नाही. उशिरा आलेल्यांना दिवसभर कोणी कामावर लावलेच नव्हते आणि त्यांच्याही घरी तेवढीच तोंडे खाणारी आहेत. न्याय मोडल्याशिवाय औदार्य दाखवता येते, हा या दाखल्याचा गाभा आहे.

उधळ्या पुत्र (लूक, अध्याय १५): वडिलांच्या हयातीतच वाटणी मागून ती उडवून बसलेला धाकटा मुलगा परत येतो. ‘मला चाकर म्हणून ठेवा’ ही त्याने मनाशी जुळवलेली विनवणी पूर्ण होण्याआधीच पिता त्याला पुत्राचा मान देतो. थोरला मुलगा मात्र कष्टाच्या हिशेबात अडकल्यामुळे घराबाहेर उभा राहतो.

निर्दय चाकर (मत्तय, अध्याय १८): एका चाकराचे १०,००० तालांतांचे कर्ज राजा माफ करतो. एक तालांत सुमारे ६,००० दिनारांचा, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई. म्हणजे हे कर्ज सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. तोच चाकर सोबत्याकडून १०० दिनारांसाठी गळा धरून वसुली करतो. मिळालेली कृपा पुढे न देणारा मनुष्य तिला मुकतो, असा इशारा या दाखल्यात आहे.

धर्मशास्त्रीय विकास

पाचव्या शतकात संत ऑगस्टीन (३५४–४३०) आणि पेलेगियस यांच्यात या विषयावर मोठा वाद झाला. मनुष्य स्वतःच्या इच्छाशक्तीने पापरहित जीवन जगू शकतो, असा पेलेगियसचा आग्रह होता. चांगले इच्छिण्यासाठीसुद्धा कृपेची गरज असते, असे ऑगस्टीनचे मत होते. ४१८ मधील कार्थेजच्या परिषदेने पेलेगियसची मते अमान्य केली, आणि ५२९ मधील ऑरेंजच्या परिषदेने विश्वासाचा आरंभदेखील कृपेनेच होतो, असे नमूद केले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी ‘केवळ कृपेने, केवळ विश्वासाने’ मनुष्य नीतिमान ठरतो, हा सिद्धान्त धर्मसुधारणेच्या केंद्रस्थानी आणला. कॅथोलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ साली आपली भूमिका मांडली. तिच्यानुसार कृपा नेहमीच प्रथम येते. परंतु मनुष्य तिला होकार देऊन तिच्याबरोबर कार्य करतो आणि संस्कारांद्वारे ती त्याच्यात वाढत जाते. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी मनुष्याला जाणीव होण्यापूर्वीच त्याच्या अंतःकरणात कार्य करणाऱ्या ‘पूर्वगामी कृपे’वर भर दिला.

सुमारे साडेचारशे वर्षांच्या मतभेदानंतर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे कॅथोलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी नीतिमान ठरवले जाण्याच्या सिद्धान्ताविषयी संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. तारण मनुष्याच्या पुण्याईमुळे नव्हे तर कृपेमुळे मिळते, हे दोन्ही पक्षांनी त्यात एकत्रितपणे मान्य केले.

मराठी ख्रिस्ती परंपरेतील कृपा

मराठीत ख्रिस्ती विचार विस्ताराने मांडणारा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांचे ‘ख्रिस्तपुराण’. हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला. त्याचे हे ओवीबद्ध पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याचे ‘पहिले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे दोन भाग असून एकूण सुमारे ११,००० ओव्या आहेत. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ यासारखे परिचित शब्द वापरून स्टीफन्सने ख्रिस्ती आशय मराठी श्रोत्यांच्या कानांना ओळखीचा केला.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या जीवनातील एक प्रसंग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गाशी निगडित आहे. १८९३ च्या सुमारास ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने निघाले होते. हा मार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव व सालेकसा या स्थानकांवरून पुढे डोंगरगडकडे जातो. डब्यातील एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने संवाद साधला, त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि तो नियमित वाचण्याचे वचन घेतले. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्याने केले. टिळकांनी पुस्तक वाचण्यास प्रारंभ केला आणि डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण शोधावयास न निघता काहीतरी आपल्यापर्यंत चालत आले, हा कृपेच्या अनुभवाचा विशेष या प्रसंगात स्पष्ट दिसतो. पुढे टिळकांनी अभंग, पदे व भजने यांच्या रूपाने कृपेचा विषय मराठी उपासनेत रुजवला. आपण तुकारामांच्या मार्गाने ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानीत. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोघांनाही सामावणारा उपक्रम आरंभिला.

या घटनेची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. टिळकांचे धर्मांतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्यासाठी प्रथम आघात होता. त्यांनी काही वर्षे पतीपासून दूर काढली. पुन्हा एकत्र आल्यानंतरही त्यांनी सोवळेओवळे पाळणे चालू ठेवले. माणसामाणसांतील उच्चनीच भेद देवाने नव्हे तर माणसाने केले आहेत, ही जाणीव त्यांना हळूहळू झाली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातून दिसणारा त्यांचा प्रवास सावकाश, विनोदी आणि घरगुती आहे. टिळकांवर कृपा जणू अवचित आली; लक्ष्मीबाईंच्या बाबतीत ती पाण्याच्या घागरीपासून आणि जेवणाच्या पंक्तीपासून उलगडत गेली. बालकवी ठोंबरे यांच्यासारख्या ख्रिस्ती नसलेल्या तरुण कवीलाही या घरात आधार मिळाला. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या मृत्यूनंतर पुढे नेण्यात लक्ष्मीबाईंचा वाटा होता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्या साक्षीत त्यांनी असे नमूद केले आहे, की आरंभी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त सापडला नव्हता. हा शोध पूर्ण होण्यास सुमारे आठ वर्षे लागली. धर्म स्वीकारणे आणि कृपेचा अनुभव येणे यांत अंतर असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन निराधार स्त्रिया व मुली यांना आश्रय दिला. त्यांपैकी अनेकींचा सांभाळ केडगाव येथील मुक्ती सदनात झाला. तेथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी जो स्वतंत्र विभाग उघडला, त्याला रमाबाईंनी ‘कृपासदन’ हे नाव दिले. ज्या स्त्रीला कोणाचेही दार उघडे नव्हते, तिच्यासाठी उघडलेल्या घराला हे नाव देण्यात या शब्दाचा संपूर्ण आशय सामावला आहे.

दैनंदिन जीवनातील कृपा

कृपेची संकल्पना सामान्य ख्रिस्ती कुटुंबात ग्रंथांपेक्षा सवयींतून संक्रमित होते. जेवणापूर्वी केली जाणारी उपकारस्तुतीची प्रार्थना ही त्यांपैकी सर्वांत परिचित सवय आहे. ताटातील अन्न आपल्या कमाईचे असले, तरी पाऊस, माती, बियाणे आणि दुसऱ्यांचे श्रम आपण निर्माण केलेले नाहीत, याची ती रोजची आठवण असते. शेतीप्रधान भागांतील मंडळ्यांमध्ये साजऱ्या होणाऱ्या कापणीच्या सणात भाविक धान्य, भाजीपाला व फळे वेदीपुढे आणून ठेवतात. त्यामागचा भावही हाच असतो.

घरातील सायंप्रार्थना, रविवारची उपासना, बाप्तिस्मा (कॅथोलिक परिभाषेत स्नानसंस्कार), प्रभुभोजन अथवा ख्रिस्तप्रसाद यांना ‘कृपेची साधने’ म्हणतात. अजाण बालकाला बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांच्या मते, ज्याने अद्याप काहीच केलेले नाही त्यालाही देव आपले म्हणतो, हे त्या विधीतून व्यक्त होते. कॅथोलिक परंपरेत प्रायश्चित्त संस्कारातून क्षमा आणि नव्या आरंभाची कृपा मिळते, अशी श्रद्धा आहे. अनेक मंडळ्यांत उपासनेचा शेवट प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा सर्वांबरोबर असो, अशा आशयाच्या आशीर्वादाने होतो.

तथापि कृपेची खरी कसोटी मंदिराबाहेर लागते. बांधावरून, वाटणीवरून अथवा लग्नातील मानपानावरून अबोला धरलेल्या भावांपैकी कोणी आधी बोलावे, हा प्रश्न प्रत्येक गावात असतो. ज्याची चूक त्याने आधी यावे, असे न्याय म्हणतो. कृपेचा विचार सांगतो, की उधळ्या पुत्राचा पिता स्वतः धावत गेला होता. याचा अर्थ अन्यायाकडे डोळेझाक करणे असा नाही. क्षमा करणाऱ्याने चूक ही चूकच म्हणायची असते, पण सूडाचा हक्क सोडायचा असतो. विशेषतः घरात मारहाण सोसणाऱ्या व्यक्तीला ‘क्षमा कर’ म्हणून गप्प बसवणे, हा या शिकवणुकीचा दुरुपयोग होय. तिचे संरक्षण करणे हेदेखील कृपेचेच कार्य आहे.

दुःखाच्या प्रसंगी कृपेचा अर्थ अधिक कठीण होतो. पौलाने आपल्या ‘शरीरातील काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही, मात्र सहन करण्यास पुरेशी कृपा मिळेल, असे आश्वासन त्याला मिळाले (करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय १२). म्हणून रोग बरा होणे म्हणजे कृपा आणि न होणे म्हणजे अवकृपा, असे समीकरण मुख्य प्रवाहातील ख्रिस्ती शिकवणुकीला मान्य नाही. रुग्णाजवळ रात्रभर बसणारा शेजारी, औषधोपचार करणारी परिचारिका आणि शोकाकुल घरी जेवण पोहोचवणारी मंडळी हीही कृपेची रूपे मानली जातात.

गोंदिया परिसर आणि तलावाचा दृष्टान्त

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. येथे ख्रिस्ती समाज अल्पसंख्य असून कॅथोलिक भाविक नागपूर महाधर्मप्रांताच्या कक्षेत येतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांपैकी अनेकांच्या इतिहासात नागपूरला विशेष स्थान आहे. स्टीफन हिस्लॉप यांनी १८४० च्या दशकात तेथे स्कॉटिश मिशनचे कार्य सुरू केले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी निरनिराळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना नागपुरातच झाली.

भंडारा–गोंदिया हा तलावांचा प्रदेश आहे. येथील अनेक तलाव जुन्या काळात कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी बांधले. नवेगावबांध येथील विस्तीर्ण जलाशय त्याची साक्ष देतो. आज धानाच्या बांधीला त्या तलावाचे पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने पाळ घातलेली नाही, खोदकाम केलेले नाही. पाणी त्याच्या जन्माआधीच साठवलेले होते. कृपेचे प्राधान्य, म्हणजे ती मनुष्याच्या प्रयत्नाआधीच असते ही गोष्ट, समजण्यास हा दृष्टान्त उपयोगी आहे. त्याची दुसरी बाजूही बोधप्रद आहे. गाळ न उपसल्यास तलाव उथळ होतो, पाटाची निगा न राखल्यास पाणी शेतापर्यंत येत नाही, आणि वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवून धरल्यास खालची शेते कोरडी राहतात. पाणी मिळवण्यासाठी नव्हे, तर मिळालेले पाणी वाहते ठेवण्यासाठी श्रम लागतात. कृपा आणि कर्म यांचा संबंधही ख्रिस्ती विचारात असाच मानला जातो. कोणताही दृष्टान्त एका मर्यादेपर्यंतच नेता येतो. तलाव उन्हाळ्यात आटतो, कृपा आटत नाही, अशी श्रद्धा आहे.

गैरसमज आणि टीका

कृपा विनामूल्य असेल तर सदाचाराची गरज काय, हा आक्षेप पौलाच्या काळापासून घेतला जातो. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो स्वतःच मांडून फेटाळला आहे. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३७ मधील ग्रंथात ‘स्वस्त कृपा’ आणि ‘महाग कृपा’ असा भेद केला. पश्चात्तापाविना क्षमा आणि अनुसरणाविना विश्वास यांना त्यांनी स्वस्त कृपा म्हटले. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

संपत्ती आणि यश म्हणजे देवाची कृपा, असा प्रचारही काही ठिकाणी होतो. गरिबाला देवाने टाकले आहे, असा त्याचा अर्थ निघत असल्याने अनेक मंडळ्या त्याला विरोध करतात. भारतीय संदर्भात दुष्काळकाळात झालेली धर्मांतरे भाकरीसाठी झाली, अशी टीका झाली आहे. मदतीच्या बदल्यात श्रद्धेची अपेक्षा ठेवली तर ती कृपा राहत नाही, सौदा होतो. ही टीका कृपेच्या संकल्पनेविरुद्ध नसून तिच्या कसोटीवरच उभी आहे. ख्रिस्ती समाजात टिकून राहिलेला जातिभेद हेही कृपेच्या शिकवणुकीशी विसंगत असल्याचे दलित ख्रिस्ती विचारवंतांनी दाखवून दिले आहे. सर्वच अपात्र असतील, तर पंक्तीत कोणी वर आणि कोणी खाली बसण्यास आधार उरत नाही.

अन्य परंपरांशी तुलना

वारकरी संतांच्या वाङ्मयात गुरुकृपा आणि विठ्ठलाची कृपा यांचे महत्त्व मोठे आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णव परंपरेत कृपेविषयी दोन मते आढळतात. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, तर मांजरीचे पिल्लू निश्चिंत असते आणि आईच त्याला उचलते. या ‘मर्कटकिशोर’ आणि ‘मार्जारकिशोर’ न्यायांतील मतभेद ख्रिस्ती धर्मातील कृपा आणि प्रयत्न यांच्या वादाशी आश्चर्यकारक साम्य दाखवतो. ख्रिस्ती संकल्पनेचे वेगळेपण असे, की ती कृपेला येशू ख्रिस्त या ऐतिहासिक व्यक्तीशी जोडते आणि कर्मफलाच्या व पुनर्जन्माच्या सिद्धान्तावर आधारलेली नाही.

विदर्भात बौद्ध विचाराचा प्रभाव मोठा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या विचारात ईश्वरी कृपेला स्थान नाही. मनुष्याने स्वतःच्या विवेकाने आणि शीलाने स्वतःला उन्नत करावे, यावर भर आहे. कृपेची भाषा दुबळ्याला लाचार बनवू शकते, हा या भूमिकेतून येणारा आक्षेप गंभीर आहे. कृपा मनुष्याला लाचार करत नाही, उलट त्याला पुत्राचा मान देऊन ताठ उभे करते, असे त्यावर ख्रिस्ती उत्तर आहे. हे उत्तर खरे ठरते की नाही, हे मात्र कृपा सांगणारी माणसे शेजाऱ्याशी, मजुराशी आणि परक्याशी कशी वागतात, यावर अवलंबून राहते.